मांडवाबाहेर गायचं नाही

११ जाने., शनि.

आज वर. डोंबिवलीहून अंधारात निघालेलो, जव्हारच्या पुढे पोचेस्तोवर चांगलं ऊन पडलं. निघताना सासूबाईंचं नेहमीचं, "वर जाऊन संध्याकाळी परत येणारी बाई मी ही एकच पाहिली." त्यांच्या वयाला हा विनोद शोभतो.

महिन्यातून दोन शनिवार मी आणि हरेश तिथल्या ग्रामीण रुग्णालयात जातो. तो कापतो, मी भूल देते. कॉलेजपासूनची जोडी, भांडणंही तेव्हापासूनचीच. आज हर्निया, हायड्रोसील, एक पायाचं जुनाट गळू. सगळ्यांना कमरेतून भूल, सगळं सुरळीत. आवरून पोह्यांना हात लावणार तेवढ्यात वनिता आली. ही तिथल्या पाड्यांची आशाताई. भिऊन घरी बसलेल्या पेशंटला गोड बोलून आणण्यात वस्ताद. आज स्वतःच्या मावशीला घेऊन आलेली.

जेठीबाई. साठीच्या आसपास, वारली, अंगाने काटकुळी. गळ्याभोवती पदर गुंडाळलेला. हरेशने सोडायला लावला तर आत नारळाएवढी गाठ. थायरॉईडची, बऱ्याच वर्षांची. टेबलावर आडव्या व्हा म्हटलं तर मान हलवली. "आडवी झाले का दम कोंडतो." वनिताने सांगितलं, दिवाळीपासून ती भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपते.

हरेश गाठ चाचपत होता. मी फक्त श्वास ऐकत होते. आत जाणाऱ्या प्रत्येक श्वासाला बारीक शिट्टी. ती मला अजिबात आवडली नाही.

"काढाया लागंल मावशी," हरेश म्हणाला.

ती वनिताकडे बघायला लागली. वनिता म्हणाली, "सर, मावशी धवलेरी आहे. आमच्यात लग्न तीच लावते. गाऊन."

हरेश कोणाचं ऐकून घेणाऱ्यातला नाही, पण त्याने लगेच गाठीवरचा हात काढला. येताना गाडीत कारण सांगितलं. त्याची आत्याही हेच करायची. आगऱ्यांत धवलारीण म्हणतात. ती गायल्याशिवाय हळद लागायची नाही, काही नाही. "आता कोन इचारतंय. डीजे आला ना." मग भिवंडीपर्यंत खिडकीबाहेर बघत बसला.

१३ जाने., सोम.

वनिताने तिला एसटीने कल्याणला आणलं. सीटी स्कॅनलाही आडवं व्हावं लागतं, ते कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. पाठीखाली उशा, मी हात धरून उभी, कसंबसं उरकलं.

श्वासनलिका एका बाजूला ढकललेली आणि चपटी. उसाच्या रसात पोरं चावून ठेवतात त्या स्ट्रॉसारखी. साधी सर्दी होऊन आत सूज आली तरी बाई जाईल. हे हरेशला मीच सांगितलं, त्याने सांगायच्या आधी.

दुसरी भानगड अशी की गाठीच्या मागून आवाजाच्या नसा जातात. एक बोलण्याची. दुसरी अगदी धाग्यासारखी, तिच्या जोरावर आवाज वर चढतो. ती धाग्यासारखी दुखावली तर माणूस बोलतो व्यवस्थित, फक्त वर जाता येत नाही. माझं त्यावाचून काही अडणार नाही. हिचं अडेल.

१९ जाने., रवि.

वनिताचा फोन. मावशी म्हणते ऑपरेशन पावसात करू, आता लग्नं आहेत. मी म्हटलं पावसापर्यंत वाट बघायची नाही. ती म्हणाली तिला एकच विचारायचंय, आवाज राहील का.

मी हरेशला विचारून सांगते म्हटलं. पळवाट. तो शेजारीच होता, त्याने फोन घेऊन सरळ सांगून टाकलं, जीव राहील हे जवळजवळ नक्की, आवाजाचं वचन देत नाही. मग वनिता म्हणाली, "सर, यंदा माझं लग्न आहे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकतेय. हिला दोन मुलं आहेत, मोठी नववीत. मग समजावलं तिने. नवराबायको म्हणून राहतात कधीपासूनच, लग्न लावायचं मात्र राहिलंय. त्यांच्यात असं चालतं, सवडीने लावतात. कधी घर बांधायचं निघालं, कधी कोणाचं आजारपण. यंदा वैशाखात नक्की केलं होतं. "लग्न मावशीनंच लावायचं. दुसरीनं लावलेलं मला नको."

फोन ठेवल्यावर हरेशवर चिडले. वचन देत नाही हे जरा हळू सांगता आलं असतं. तो म्हणाला, "हळू सांगितला असता तर नस जाड झाली असती का?"

२५ जाने., शनि.

वरचं काम आटोपून पाड्यावर गेलो. वाटेत शेवटी चालावं लागतं, हरेशला धाप लागली, मला बरं वाटलं.

जेठीबाई ओट्यावर भात पाखडत होती. शिट्टी आता दोन हातांवरून ऐकू येते. चहा झाला. तिने हरेशला विचारलं, तुमचं गाव कुठलं, जात कोणती. त्याने सांगितलं. आत्याचंही सांगितलं. मग ती जरा सैल झाली. विचारलं, आत्या आहे का. नाही म्हणाला. तिच्यामागे कोण गातं? हरेश म्हणाला, कोणी नाही. जेठीबाई सूप खाली ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. शोकाच्या घरी बघतात तसं.

मग म्हणाली, "कापा. पण मना झोपवू नको."

हे माझ्याकडे बघून. झोप लागली की कोणीतरी गळा धरतं, दचकून उठते, तेव्हा परत श्वास येतो, असं रोज. तुम्ही झोपवणार आणि उठवणार नाही, मग? नेमकं तेच होऊ शकतं.

परत येताना हरेशचं सुरू. जागीच ठेवू तिला. मानेत इंजेक्शन देऊन कातडी बधिर कर, ती बोलत राहील, आवाज बदलला की मला कळेल मी नसेजवळ आहे. मी म्हटलं, आणि गळा उघडा असताना घाबरून उठून बसली तर? तो म्हणाला, "तू हायस ना." असं बोलून तो नेहमी सुटतो.

खरं लिहायचं तर मला दोन्हीची सारखीच भीती वाटते. झोपवलं आणि त्या चपट्या नळीत माझी नळी गेलीच नाही तर संपलं. गेली तरी ती नळी आवाजाच्या पडद्यांमधूनच जाते, घासते. जागी ठेवली तर सगळं तिच्या धीरावर. आणि माझ्या.

२ फेब्रु., रवि.

जेठीबाई आज ॲडमिट. हरेशच्या ओळखीचं हॉस्पिटल आहे डोंबिवलीतच, तिथे अतिदक्षता विभाग आहे. वरती हे करायची हिंमत माझ्यात नाही, ते मी आधीच सांगून टाकलेलं.

एमआयडीसीकडून वारा होता. तिने विचारलं, काय जळतंय? वनिता म्हणाली कारखाने. "रोज?" रोज. जेठीबाईने पदर नाकाला लावला आणि मला म्हणाली, "तुमीबी बसूनच झोपत असाल मग."

सासूबाई हट्टाने डबा घेऊन आल्या. भाकरी, वालाचं बिरडं. बिरडं बघून जेठीबाईचा चेहरा उजळला, वाल ओळखीचे निघाले. दोघींचं छान जमलं. मग सासूबाईंनी घोळ घातला. त्यांचं भजनी मंडळ आहे चाळीस वर्षांचं, दर गुरुवारी. म्हणाल्या, "तुम्ही गाता ना? म्हणा बघू एखादं." शाळेतल्या पोरीला सांगावं तसं.

"कोणाचा लगीन आहे?"

"कोणाचं नाही हो. असंच."

"असाच?"

तिला ते खरंच समजेना. वनिताने सांगितलं, लग्नाचं गाणं मांडवाबाहेर गायचं नसतं. मांडव नाही, नवरा-नवरी नाही, आणि गायलं, तर मग लग्न कोणाचं लावलं? सासूबाई जराशा दुखावल्या, पण मास्तरीण आहेत, माघार नाही. स्वतःच एक अभंग म्हटला, सगळी कडवी. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटने मान डोलावली. जेठीबाईने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "बेस." घरी येईपर्यंत सासूबाई तो बेस किती मार्कांचा ह्याचा विचार करत होत्या.

४ फेब्रु., मंगळ.

आज माझीच चूक. हरेशची आणि माझी.

उद्याचा सगळा बेत काय, तर गाठ सोडवताना ती गात राहील, वरचा सूर आला म्हणजे धागा शाबूत. परवा सासूबाईंसमोर तिने साफ सांगितलेलं मी कानांनी ऐकलं, वर घरी जाऊन हसून सांगितलं, तरी बेतातून गाणं काढलं नाही. मला वाटलं, ते सासूबाईंपुरतं. इथे कारण वेगळं, डॉक्टरी. सकाळी तिला समजावायला गेले. तिने ऐकून घेतलं आणि नाही म्हणाली. रागाने नाही, अगदी सरळ.

हरेशला म्हटलं तुझ्या घरात धवलारीण होती, तुला कळायला नको? तो खजील. म्हणाला आत्यापण कधी घरात गुणगुणायची नाही. भांडी घासताना पण नाही. "मी इसरलोच गो."

मग बोलणं तरी. बोलण्याने मोठी नस कळेल, धागा नाही कळणार. धाग्यासाठी आवाज उंच जायलाच हवा. तिघं बसलो खाटेपाशी, वनिता, हरेश, मी. वनिता म्हणाली, "हाळी चालेल?"

डोंगराच्या ह्या अंगावरून त्या अंगाला माणसाला हाक मारतात ती हाळी. खालून सुरू होते, वर चढते, वरच थांबते. वनिताने वॉर्डात एक घालून दाखवली. सिस्टर धावत आली.

जेठीबाई म्हणाली, हाळी केव्हाही घालता येते. फक्त उत्तर देणारं कोणीतरी पाहिजे, नाहीतर कशाला घालायची. वनिता म्हणाली मी दाराबाहेर बसते.

५ फेब्रु., बुध.

झालं.

पाठीखाली उशा देऊन अर्धवट बसवलं. मानेत दोन्हीकडे इंजेक्शनं, तिने डोळे मिटले नाहीत. मी डोक्याशी, हिरव्या कापडाच्या तंबूत, तिचा चेहरा माझ्यापासून वीतभर. हरेश पलीकडे, दिसत नव्हता, फक्त आवाज. ठरलेलं असं की त्याने "हं" म्हटलं की मी तिला मान हलवून खूण करायची, मग हाळी.

सुरुवातीला हरेश तिच्याशी बोलत राहिला. भात किती झाला, नाचणी लावता का. ती उत्तरं देत होती. एकदा म्हणाली, "तू मान कापतो का गप्पा मारतो?" ऑपरेशन थिएटरातल्या पोरी हसल्या.

डावी बाजू सुटली. हं. मी मान हलवली. तिने माझ्याकडे बघत हाळी घातली. एवढ्याशा खोलीत, टाईल्सच्या भिंतींत. वर गेली, स्वच्छ. आणि दाराबाहेरच्या बाकावरून वनिताची परत आली. बाहेर केवढी धावपळ, कोणीतरी सिक्युरिटीला बोलावलं म्हणे. मला भरून आलं. लिहून ठेवते, कोणाला सांगणार नाही.

उजवी बाजू वाईट. गाठ मागे चिकटलेली. हरेशचं बोलणं बंद झालं, त्यावरूनच मला कळलं. हं. मान हलवली. हाळी अर्ध्यावर फाटली.

तिलाही कळलं. डोळे मोठे झाले. मनगट माझ्या हातात होतं, नाडी धावायला लागली. हीच ती वेळ, जिची मला भीती होती. उठली असती तर मी एकटीने धरली नसती. मी म्हटलं, "हरेशने हात काढलाय. थांबलाय तो. माझ्याकडे बघा." बघत राहिली. बाहेरून वनिताची हाळी आली, आतून पुरी गेलेली नसताना. परत आली. मग मी खूण केली आणि हिने घातली. बारीक, खरखरीत, पण वर गेली.

हरेश पलीकडून म्हणाला, "थोडा तुकडा राहतोय. अंगठ्याएवढा. काढला तर धागा जाईल. ठेवला तर परत वाढंल कधीतरी. ठेवू?"

इतक्या वर्षांत त्याने मला विचारून कधी टाका घातला नाही. मी तिच्याकडे बघितलं. तिने सगळं ऐकलेलं होतं. मी म्हटलं ठेव.

६ फेब्रु., गुरु.

सकाळी गेले तर जेठीबाई आडवी. सपाट, उशी बाजूला टाकून, तोंड उघडं, गाढ झोपलेली. शिट्टी नाही. वनिता खुर्चीत बसून नुसती बघत होती. म्हणाली, मॅडम उठवू नका हां.

मी उभीच राहिले थोडा वेळ. मला एवढंही पुरलं असतं.

उठल्यावर बोलली तर आवाज घोगरा, कुजबुजल्यासारखा. हरेश म्हणतो सूज आहे, उतरेल. वेळ लागेल, दीडदोन महिने, जास्तही. हाळी घालायची नाही, ओरडायचं नाही. सासूबाईंनी ज्येष्ठमध पाठवला.

१४ फेब्रु., शुक्र.

गाठीचा रिपोर्ट चांगला. वाईट काही नाही. टाके काढले. जेठीबाई वर गेली. जाताना सासूबाईंना भेटायला घरी आलेली, चौथ्या मजल्यावर जिना चढून, धाप न लागता. हे हरेशला फोन करून सांगितलं तर म्हणाला, मग तू का लिफ्टने जातंस.

आवाज अजून घोगरा.

९ मार्च, रवि.

काल वर होते. जेठीबाई आली नव्हती, वनिता भेटली. बोलणं सुधारलंय, शेळ्यांना हाका मारते, भांडते. "आणि वरचा?" विचारलं. वनिता म्हणाली कसं कळणार? मांडव घातला की कळेल.

म्हणजे ती घरात, रानात, कुठेही एकदाही आजमावून बघणार नाही. मी असते तर रोज न्हाणीघरात बघितलं असतं. हरेशलाही चैन नाही. म्हणतो फक्त एकदा म्हणून दाखव म्हणू, आपण दोघंच ऐकू, बाकी कोणी नाही. मी म्हटलं जा, तूच सांग तिला. नाही गेला.

शेजारच्या पाड्यावर एक लग्न झालं फाल्गुनात. तिथे दुसरी धवलेरी बोलावली, मोखाड्याकडची. वनिताने हे जाता जाता सांगितलं, जीपमध्ये बसताना. जेठीबाईला विचारायलाच आले नाहीत. गळा कापलाय, काय गाणार, असं बोलले म्हणे. मावशी काय म्हणाली? दिवसभर पाणी भरलं नाही.

ऑपरेशन केलं नसतं तर ती पावसाळा बघायची नाही, हे मला माहीत आहे. तरी घरी येईपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता. ठेव म्हटलं ते बरोबर की कमी, आणखी तुकडा ठेवायला हवा होता का, मुळात हाळी फाटेपर्यंत हरेश तिथे गेलाच का. त्याला फोनवर विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "मी पन तेच इचारतंय मना."

२० एप्रिल, रवि.

वनिताचं आमंत्रण. फोनवरच, पत्रिका वगैरे नाही. वैशाखात, पुढच्याच्या पुढच्या शनिवारी. लावणार कोण? मावशी.

पुढे म्हणाली की सासरची माणसं कुरकुरतायत. मोखाड्याची बाई सांगून ठेवू, मधेच अडलं तर? लग्न अर्धवट राहिलं तर? वनिताने सांगितलं, इतकी वर्षं बिनलग्नाची राहिले, अजून राहीन. लावेल तर मावशीच.

सासूबाईंना यायचं होतं. गुडघे नाही म्हणाले. त्यांनी वनितासाठी हिरवी साडी काढून दिली, आणि जेठीबाईला निरोप, "सांग, असंच नाही, लग्नात गाताय ना, मग माझ्याकडून बेस."

४ मे, रवि.

काल वनिताचं लग्न. आज दुपारी परत आलो, झोप नाही, तरी लिहिते.

हरेशची गाडी गॅरेजमध्ये. त्याला घ्यायला मी घोडबंदरला गेले, तिथून हायवेने मनोरवरून जाऊ असं ठरलं. मूर्खपणा. गायमुखला एक ट्रेलर आडवा, मागे सगळा रस्ता ठप्प. एसी चालू-बंद, चालू-बंद. हरेश टॉवरवाल्यांपासून सगळ्यांना आगरीत शिव्या देत होता; त्या टॉवरवाल्यांना जमिनी त्याच्याच काकांनी विकल्या. वनिताचा फोन आला, मॅडम कुठपर्यंत, सगळे बसलेत. आमची वाट बघू नका, सुरू करा म्हटलं. पुढे रेंज गेली.

पोचलो तर दिवेलागण झालेली. मोरीपाशी गाडी लावून चालायला लागलो. झाडांपलीकडून गाणं येत होतं. दोघंही थांबलो.

"तीच," हरेश म्हणाला.

"कशावरून?"

विचारलं मीच. आणि तिथे त्या पाऊलवाटेवर मला कळलं की आम्ही तिचं गाणं कधी ऐकलेलंच नाही. इतके महिने ज्या आवाजासाठी जीव टांगणीला, तो आधी कसा होता हे आम्हा दोघांना ठाऊक नाही. आता बिघडलाय की होता तसा आहे, कशाशी ताडून बघणार? विचारायचं तर कोणाला, आणि कसं.

ओळ सुरू करणारा आवाज जाडसर होता, जरा वाळू मिसळल्यासारखा. ओळ सावकाश चढायची, आणि अगदी वर जाताना दुसऱ्या एका बाईचा आवाज येऊन तिच्यात मिसळायचा. मग पहिला एकटाच खाली यायचा. प्रत्येक ओळीला त्याच जागी.

"तुझ्या आत्याचं असंच होतं का? दोघी?"

हरेशने खूप आठवून बघितलं. अंधारात उभा राहून, डोळे मिटून. "आठवत नाय गो," म्हणाला. हो म्हणाला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यालाही माहीत होतं ते.

मांडवात गेलो. भिंतीवर पांढऱ्या रंगात चौक, त्यांचं लग्नाचं चित्र, काढलेला. त्याखाली वनिता आणि तिचा नवरा, हळदीने पिवळे, वनिताच्या अंगावर सासूबाईंची साडी. मुलगी आईच्या लग्नात करवली होऊन मिरवत होती. सासरची म्हातारी माणसं मागे रांगेत, चेहऱ्यावरून काही कळेल तर शपथ. बायका डोळे पुसत होत्या. लग्नात पुसतातच.

जेठीबाई चौकापाशी बसलेली. गळ्यातल्या माळा व्रणावर आलेल्या. तिने आम्हाला बघितलं. गाणं सोडता येत नाही, हातानेच बसा म्हणाली. बसलो, मी बायकांत, अगदी समोर. मी सवयीने श्वास बघायला लागले. मान ताणत नव्हती. शिट्टी नव्हती. तिच्या शेजारी ती दुसरी, उतारवयाची, डोळे जमिनीकडे. ही रीत आहे की ती सांभाळून घेतेय, अगदी जवळून बघूनही मला कळेना.

पुन्हा ती ओळ आली. चढायला लागली. अर्ध्यावर असताना जेठीबाईने वर बघितलं, सरळ माझ्याकडे. मी काही विचार केला नाही. टेबलाशी करत होते तशी मान हलवली.

ती वर गेली. किती वर ते मी सांगू शकत नाही, मला त्यातलं कळत नाही. शेजारच्या बाईने आवाज लावायला तोंड उघडलेलं होतं, आणि ती बाई न गाताच थांबली, एवढं मात्र मी पाहिलं.